ब्याण्णवला लागतो, सत्त्याऐंशीला सुटतो

मोटारीच्या रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत, बहुधा खालच्या अंगाला, सहा पैलूंचा एक पितळी नट आट्यांत बसवलेला असतो. आकाराने साधारण अक्रोडाएवढा. बाहेरच्या तोंडाला दोन पिना, पिनांवर प्लास्टिकची टोपी आणि टोपीतून निघालेल्या दोन वायरी. हाच पंख्याचा थर्मो स्विच. पितळेवर बारीक अक्षरांत ‘९२-८७’ किंवा ‘९५-९०’ असे दोन आकडे ठोकलेले असतात. पहिला आकडा पंखा किती अंश सेल्सियसला लागायचा तो, दुसरा किती अंशांना सुटायचा तो. हे आकडे मालकाच्या वाचनात सहसा येत नाहीत. ते वाचायला गाडीच्या पोटाशी डोकं न्यावं लागतं. गाडी नीट चालत असताना तसं करायचं कारण नसतं, आणि गाडी तापल्यावर डोकं वाचण्याइतकं थंड नसतं.

स्विचचं काम समजायला आधी इंजिनाचा जमाखर्च पाहावा लागतो. पेट्रोलच्या शंभर रुपयांपैकी पंचवीस ते तीस रुपयांचंच काम चाकांपर्यंत पोचतं. तीसेक रुपये सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातात आणि जवळजवळ तेवढेच इंजिनाभोवती खेळणारं पाणी तापवण्यात खर्ची पडतात. म्हणजे मोटार हा मुळात चालताफिरता बंब आहे. माणसं त्यात बसून गावाला जातात, हा त्याचा जोडधंदा. या बंबातलं पाणी उकळू नये म्हणून ते रेडिएटरच्या जाळीतून फिरवतात. गाडी रस्त्याने पळत असेल तर समोरचा वारा ती जाळी फुकटात गार करतो आणि पंख्याला काम उरत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो. तेव्हा पंख्याची खरी ड्यूटी सिग्नलला, टोलनाक्यावर, घाटातल्या ट्रकच्या मागे आणि दुसऱ्याच्या वरातीत. गाडीतल्या माणसांचा पारा चढतो त्याच ठिकाणी गाडीचाही चढतो, हा केवळ योगायोग नाही.

जुन्या गाड्यांत स्विचचा प्रश्नच नव्हता. अँबॅसिडर काय किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी काय, पंखा पट्ट्याने इंजिनालाच बांधलेला असे. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, मग पौष असो की वैशाख. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखा तो सकाळपासून फिरत असे आणि ‘आता बस कर’ असं त्याला कोणी म्हणत नसे. पण इंजिन मंदावलं की तोही मंदावे. त्यामुळे बोरघाटाच्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या, आणि डबा घेऊन पाणी शोधायला निघालेला कर्ता पुरुष, हे दृश्य मुंबई-पुणे प्रवासाचा भागच होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्यात आणि तिच्यामागून आलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं. आडव्या इंजिनाचा पट्टा राहिला बाजूला आणि रेडिएटर राहिला समोर. म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर दिली गेली. मोटर आली की बटण आलं आणि बटण आलं की ते वेळेवर दाबणारा कोणीतरी लागला. ही जबाबदारी चालकावर टाकण्याइतका कारखानदारांचा माणसांवर विश्वास नव्हता. तो त्यांनी पितळी नटावर टाकला.

या नटाच्या पोटात बशीच्या आकाराची एक छोटी चकती असते. दोन वेगळ्या धातूंचे पातळ थर एकमेकांना कायमचे जोडून ती केलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी. पण दोघांना एकत्रच राहायचं असल्यामुळे चकतीला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं. ठरलेल्या तापमानाला ती टचकन उलटी होते, आतले दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकतात आणि पंखा लागतो. इस्त्रीतून मधूनमधून येणारा ‘टक्’ हा याच जातीचा. ही युक्ती मोटारीहून फार जुनी आहे. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने जहाजावरचं घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होऊ नये म्हणून दोन धातूंची जोडपट्टी वापरली. अशा पट्ट्यांत कमी वाढणारी बाजू पुष्कळदा इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची असते. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये हा मिश्रधातू शोधला आणि पोलाद-निकेलच्या मिश्रधातूंवरच्या अशा कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या थोर घराण्यातल्या वस्तूला गॅरेजमध्ये ‘तो खालचा आयटम’ म्हणतात.

दोन आकड्यांमधल्या पाच अंशांच्या फरकालाही अर्थ आहे. पंखा ब्याण्णवला लागला आणि ब्याण्णवच्या खाली येताच सुटला असता, तर पाणी क्षणात एक अंश खाली, क्षणात एक अंश वर, आणि पंखा दर दहा सेकंदांनी चालू-बंद झाला असता. ज्या घरात एकाला उकडतं आणि दुसऱ्याला गारठतं, त्या घरातल्या पंख्याच्या रेग्युलेटरचे जे हाल होतात तेच या स्विचचे झाले असते. म्हणून तो एकदा लागला की सत्त्याऐंशीपर्यंत ऐकून घेत नाही आणि एकदा सुटला की ब्याण्णवपर्यंत बोलत नाही. मोटारीत एवढा ठाम स्वभाव दुसऱ्या कोणत्याही भागाचा नाही.

हा स्विच दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिली तऱ्हा म्हणजे तो कधीच जुळत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत पंख्याचा सगळा करंट, सात-आठपासून पंधरा अँपियरपर्यंत, थेट या चिमुकल्या संपर्कबिंदूंतून जातो. दर वेळी बारीक ठिणगी पडते, बिंदू काजळत जातात आणि एके दिवशी चकती उलटूनही वीज पलीकडे जात नाही. कोकणात तर स्विच ठणठणीत असून नुसत्या पिनांवर हिरवा थर चढल्यामुळे पंखा मुका होतो. दुसरी तऱ्हा म्हणजे बिंदू एकमेकांना कायमचे चिकटतात आणि पंखा अष्टौप्रहर फिरतो. या बिघाडाबद्दल तक्रार येत नाही. उलट ‘आपल्या गाडीचा पंखा कसा सतत चालतो बघा’ असं पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं जातं. काही गाड्यांत पंख्याला वीज चावीच्या अलीकडूनच मिळते. तिथे हे कौतुक दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅटरी मेलेली सापडल्यावर संपतं.

पहिल्या तऱ्हेच्या बिघाडाचं लक्षण एकच: डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकू लागतो. गाडी रस्त्यावर असताना हे घडलं तर इंजिन पूर्ण बंद करण्याआधी एक तात्पुरता उपाय उपलब्ध असतो, तो म्हणजे गाडीतला हीटर पूर्ण ताकदीने लावणे. हीटर इंजिनाच्याच पाण्यातली उष्णता काढून माणसांवर सोडतो, त्यामुळे तो छोट्या रेडिएटरसारखा उपयोगी पडतो. उपाय शास्त्रशुद्ध आहे. तो मे महिन्यात नागपूर-अमरावती रस्त्यावर मागच्या सीटवरच्या मंडळींना समजावून सांगणे हे मात्र शास्त्राच्या कक्षेबाहेरचं आहे.

गाडी कशीबशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली की तपासणीचा सामाजिक टप्पा सुरू होतो. बॉनेट उघडण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो आणि तज्ज्ञ खाली उतरतात. एकाच्या मते बॅटरी वीक आहे. दुसरा पेट्रोलपंपाचं नाव विचारतो आणि उत्तर कोणतंही आलं तरी मान हलवतो. तिसऱ्याला पाण्याच्या पंपाचा संशय असतो, कारण त्याच्या मेव्हण्याचा पंप गेला होता. चौथा काहीच न बोलता टायरला पायाने ढोसून पाहतो. पाचव्याचा सल्ला सर्वांत सोपा: ‘काका, ही काढून टाका आता.’ या परिषदेत स्विचचं नाव निघत नाही. तिथून गाडी गॅरेजला गेली की आधी रेडिएटर साफ होतो, मग थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून खिशात जातो, मग होज पाइप बदलतात. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. यात खेदाची गोष्ट एवढीच की तपासायला सर्वांत सोपा भाग हा स्विचच असतो.

तपासणीची सुरुवात स्विचपासून करायची नाही, पाण्यापासून करायची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटची पातळी पाहावी. ‘थंड’ म्हणजे हात लावून थंड. ‘मघाशीच बंद केलीय’ म्हणजे थंड नव्हे. झाकणातली स्प्रिंग आतलं पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.९ किलो जादा दाबाखाली धरून ठेवते, त्यामुळे ते शंभराला न उकळता ११५-१२० अंशांपर्यंत दम धरतं. झाकण काढताच दाब जातो, दम सुटतो आणि सगळ्या पाण्याला एकाच वेळी वाफ व्हायचं सुचतं. हातावर टॉवेल गुंडाळून झाकण उघडणाऱ्यांचा टॉवेल शाबूत राहतो.

पातळी कमी असेल किंवा पाइपांत हवा अडकली असेल तर स्विच निर्दोष आहे असं आधी धरून चालावं. त्याचं नाक पाण्यात बुडालेलं असायला हवं. ते हवेत लटकलं असेल तर इंजिनाच्या पोटात आग लागली तरी त्याला वार्ता पोचत नाही. थर्मोस्टॅट व्हॉल्व बंद अवस्थेत अडकला असेल तरीही हेच. बहुतेक गाड्यांत हा व्हॉल्व ८२ किंवा ८८ अंशांना उघडून गरम पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो उघडलाच नाही तर इंजिन उकळत असताना रेडिएटर गार राहतो आणि रेडिएटरमधला स्विच प्रामाणिकपणे ‘इथे सगळं ठीक आहे’ असं कळवत राहतो. मुख्य कार्यालयात गोंधळ चालला असताना तालुक्याच्या गावी शांतता असते, तसा हा प्रकार. तेव्हा काटा वर आणि खालचा पाइप गार असेल तर स्विचच्या वाटेला जाऊ नये.

एवढं पार पडलं की पहिली चाचणी. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू ठेवायचं, एसी बंद ठेवायचा आणि वाट पाहायची. एसी बंद ठेवण्याचं कारण असं की बहुतेक गाड्यांत एसी लावताच रेडिएटरचा पंखाही लागतो, मग स्विचची परीक्षा होतच नाही. एसी लावल्यावर पंखा फिरतो एवढं पाहिलं तर मोटर जिवंत आहे हे मात्र कळतं. दहा ते वीस मिनिटांत काटा मध्यावर येतो, वरचा पाइप तापतो, मग खालचा तापतो, आणि स्विच ठीक असेल तर खालून ‘टक्’ होऊन पंखा घरघरू लागतो. मिनिट-दोन मिनिटं चालून तो आपोआप थांबतो. चाचणी एवढीच, पण ती माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. पाहणाऱ्याने पंख्याकडे टक लावल्यापासून पंखा लागेपर्यंतचा वेळ घड्याळात वीस मिनिटं असतो आणि मनात दीड तास. पंधराव्या मिनिटाला बहुतेक जण चहाला आत जातात. पंखा सोळाव्या मिनिटाला लागतो, अठराव्याला थांबतो, आणि परत आलेला माणूस ‘लागतच नाही’ असा निष्कर्ष नोंदवतो. काटा तीन-चतुर्थांशाच्या वर गेला आणि पंखा तरी गप्प राहिला, तर इंजिन बंद करावं. चाचणीच्या नादात इंजिनाचं हेड वाकलं तर एका स्विचच्या पैशांत आटोपणारं काम हेड पासिंग, गॅस्केट आणि उसनवारी इथवर जातं.

दुसरी चाचणी वीज कुठवर येते ते पाहण्याची. इंजिन थंड आणि बंद ठेवून स्विचवरची टोपी ओढून काढायची. टोपी ओढायची, वायर नव्हे. वायर ओढणाऱ्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. मग चावी ‘ऑन’ करून, टोपीतल्या दोन टोकांना वायरचा छोटा तुकडा जोडायचा. हा तुकडा म्हणजे हाताने केलेलं स्विचचंच काम. आता पंखा फिरला तर मोटर, फ्यूज, रिले आणि वायरिंग हे सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात आणि बोट स्विचकडे वळतं. पंखा फिरला नाही तर स्विचला घरी जाऊ द्यावं आणि आधी फ्यूज पाहावा, मग रिले, मग मोटरची अर्थिंग. मोटरपर्यंत वीज पोचत असून ती फिरत नसेल तर मोटर गेली. या चाचणीत पंखा कसलीही पूर्वसूचना न देता, पूर्ण वेगाने सुरू होतो. तेव्हा त्याच्या पात्यांत बोट, टायची टोके, ओढणी आणि मदतीला आलेलं लहान मूल यांपैकी काहीही नसावं. चावी ‘ऑफ’ असतानाही काही गाड्यांचा पंखा लागू शकतो, हे ध्यानात ठेवावं.

तिसरी चाचणी घरातली. स्विच रेडिएटरमधून काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवायचा आणि त्याच्यावर कोरलेलं वचन तो पाळतो का ते पाहायचं. सर्वसाधारण मोटारशास्त्रात साधनांची यादी पान्यापासून सुरू होते. या चाचणीत ती पातेल्यापासून सुरू होते, आणि पातेलं ज्यांच्या ताब्यात असतं त्यांच्या संमतीवाचून पुढची कोणतीही पायरी शक्य नसते. दुसरं साधन थर्मामीटर. तापाचं थर्मामीटर चालत नाही. त्याची नळी ४२ अंशांच्या पुढे संपते आणि उकळत्या पाण्यात ते फुटून आतला पारा बाहेर येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं ११० अंशांचं थर्मामीटर हवं. तिसरं साधन मल्टिमीटर, नसेल तर बॅटरी आणि बारा व्होल्टचा एक बल्ब.

स्विच दोऱ्याने बांधून पाण्यात असा सोडावा की त्याचं पितळी नाक बुडेल, पिना कोरड्या राहतील आणि तो बुडाला टेकणार नाही. तो बुडाला टेकला तर त्याला पाण्याचं तापमान कळत नाही, शेगडीचं कळतं. थर्मामीटरही तसंच अधांतरी. मीटरच्या दोन चिमट्या दोन पिनांना लावाव्यात. पाणी गार असताना मीटरने ‘मार्ग बंद’ असं दाखवायला हवं. आच मंद ठेवून पाणी ढवळत राहावं. ब्याण्णवच्या स्विचने ब्याण्णवच्या आसपास टक् करून मार्ग मोकळा केला पाहिजे. दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं. मग शेगडी बंद करून पाणी निवू द्यावं. ही उतरतीची नोंद बहुतेक जण घेत नाहीत, कारण चढती पूर्ण होताच विजयाची भावना होते. पण निम्मी परीक्षा उतरतीलाच आहे. सत्त्याऐंशीच्या आसपास मार्ग पुन्हा बंद झाला तर स्विच पास. पाणी कोमट झालं तरी मार्ग मोकळाच राहिला तर तो चिकटू लागला आहे. आणि पाणी खळखळ उकळूनही टक् झालं नाही तर तो गेला, असं म्हणायला हरकत नाही. पण त्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो: हा प्रयोग कोणत्या गावी चालला आहे?

पाणी शंभर अंशांना उकळतं हे वाक्य शाळेत शिकवलं जातं ते समुद्रकाठच्या गावांसाठी. रत्नागिरीला ते खरं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या सुमारास उकळतं, आणि पुणेकरांना हा दोन अंशांचा फरक आपल्या बाजूचा वाटत असावा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास; तिथे साडेपंच्याण्णवच्या पुढे उघड्या पातेल्यातलं पाणी तापतच नाही, कितीही गॅस जाळा. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे अठ्ठ्याऐंशीलाच उकळी फुटते. म्हणजे ‘९२-८७’ चा धडधाकट स्विच लेहमध्ये दिवसभर उकळला तरी हूं की चूं करणार नाही, आणि परीक्षक त्याला नापास ठरवून नवा आणील. नवाही नापास होईल. दुकानदाराशी भांडण होईल. दोष स्विचचा नाही, दुकानदाराचा नाही, हिमालयाचा आहे. गाडीत मात्र हाच स्विच लेहमध्येही व्यवस्थित लागतो, कारण तिथे झाकणाचा दाब मदतीला असतो.

यावर तोड म्हणजे पातेल्यात निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट घालणे. कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. त्याचं निम्मं-निम्मं मिश्रण समुद्रसपाटीला सुमारे १०७ अंशांना उकळतं, त्यामुळे डोंगरावरच्या परीक्षेलाही पुरेशी जागा मिळते.

पातेल्यात पास झालेला स्विच गाडीत पुन्हा नापास होऊ शकतो, आणि हा प्रकार घरोघरच्या हुशार विद्यार्थ्यांमुळे अपरिचित नाही. मल्टिमीटर स्विचमधून नाममात्र करंट पाठवतो. काजळलेले बिंदू तेवढा सहज वाहतात, पण पंख्याचे दहा अँपियर आले की मान टाकतात. म्हणून शेवटचा पुरावा गाडीतच घ्यावा. स्विच बसवून, पंखा चालू असताना, मीटर व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन पिनांमध्ये मोजावं. चांगला स्विच एका व्होल्टचा अल्पसा अंशच गिळतो. एक-दोन व्होल्ट तिथेच अडकत असतील तर पंखा फिरतो पण थकल्यासारखा, आणि स्विच हाताला तापतो.

ही सगळी पद्धत दोन पिनांच्या खऱ्या स्विचला लागू पडते. काही गाड्यांत तीन पिनांचा स्विच असतो. त्यात दोन चकत्या, एक पंख्याच्या मंद वेगासाठी आणि दुसरी थोड्या वरच्या तापमानाला जोराच्या वेगासाठी. त्याची परीक्षा तशीच, फक्त दोनदा. मात्र पेट्रोल इंजेक्शनच्या अलीकडच्या गाड्यांत स्विचच नसतो. तिथे असतो सेन्सर. दोघे दिसायला चुलत भाऊ, पण वृत्ती निराळी. स्विच स्वतः हुकूम सोडतो. सेन्सर फक्त वर कळवतो आणि निर्णय कॉम्प्युटर घेतो. सेन्सरमध्ये उलटणारी चकती नसते, तापेल तसा रोध कमी होणारा एक मणी असतो. खोलीच्या तापमानाला साधारण दोन-अडीच हजार ओहम, आणि उकळत्या पाण्यात जेमतेम दोनशे. त्यामुळे पातेल्यात तो टक् करीत नाही. मीटरवरचा आकडा सलग उतरत जातो. टोपी काढण्याची चाचणी इथे उलटी लागते. पुष्कळ गाड्यांत सेन्सरची टोपी काढताच कॉम्प्युटर घाबरतो, इंजिनाचा दिवा लावतो आणि सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो. स्विचच्या गाडीत टोपी काढल्यावर पंखा थांबतो, सेन्सरच्या गाडीत लागतो. हा भेद ठाऊक नसलेल्या माणसाने एकाच दिवशी दोन्ही गाड्या तपासू नयेत.

स्विच नापास ठरल्यावर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे तेवढेच आकडे असलेला नवा स्विच आणणे. दुसरा मार्ग गॅरेजमध्ये हात पुसता पुसता सुचवला जातो: ‘साहेब, डायरेक्ट करून देऊ?’ डायरेक्ट म्हणजे स्विचची कायमची सुट्टी. याचे दोन पोटप्रकार आहेत. पहिल्यात चावी फिरवताच पंखा लागतो आणि चावी काढेपर्यंत थांबत नाही. इंजिन तापायला उशीर लावतं, पेट्रोल जास्त खातं आणि पंख्याच्या मोटरचे कार्बन वेळेआधी झिजतात. चाळीस वर्षांपूर्वीची पद्मिनी अशा रीतीने फुकटात परत मिळते. दुसऱ्यात डॅशबोर्डखाली घरच्या दिव्याचं एक बटण बसवतात आणि ‘काटा वर गेला की दाबा, खाली आला की काढा’ असं सांगतात. पहिले चार दिवस मालक काट्यावरची नजर काढत नाही आणि रस्ता देवावर सोडतो. पाचव्या दिवशी तो बटण दाबायला विसरतो किंवा काढायला विसरतो; पहिल्या चुकीत इंजिन उकळतं, दुसरीत बॅटरी बसते. माणसात दोन धातूंची चकती नाही. त्याचं लागण्याचं आणि सुटण्याचं तापमान रोज बदलतं, आणि ते त्याच्या अंगावर कोरलेलं नसतं.

नवा स्विच बसवणं अवघड नाही. इंजिन थंड करून, खाली भांडं ठेवून थोडं कूलंट काढून घ्यावं. जुना स्विच काढावा, नव्याखाली नवीन वॉशर घालावा. जुनाच वॉशर उलटा करून घालण्याची काटकसर दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हिरव्या थेंबांच्या रूपाने दिसते. आजकाल रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, तेव्हा ताकद दाखवू नये. आटे गेले तर तीनचारशेच्या वस्तूसाठी अख्खा रेडिएटर जातो. कूलंट पुन्हा भरावं, इंजिन चालू ठेवून पाइपांतली हवा बाहेर पडू द्यावी, पातळी पुन्हा पाहावी आणि पहिली चाचणी परत घ्यावी, या वेळी चहा आधीच पिऊन. पंखा ब्याण्णवला लागला आणि सत्त्याऐंशीला सुटला की काम संपलं.

उरतं ते पातेलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास जीवघेणं असतं. ज्या भांड्यात कूलंट एकदा उकळलं, आणि ज्या भांड्यात ते काढून घेतलं, ती दोन्ही कितीही घासली तरी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. ती गाडीची झाली. पातेल्याची परवानगी मागतानाच नव्या पातेल्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. ते स्विचच्या किमतीपेक्षा फारसे कमी नसतात.